तांब्याच्या लाईनवरचं ब्रॉडबँड: घरातली फोनची वायरिंग नीट कशी करायची

गावात फायबर आलेलं नाही, किंवा आलंय पण तुमच्या वाडीपर्यंत, तुमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यापर्यंत पोचलेलं नाही. घरात बीएसएनएल किंवा एमटीएनएलची लँडलाईन आहे आणि तिच्यावरच ब्रॉडबँड चालू आहे. मोडेमवरचा डीएसएलचा (फोनच्या तारेवरून नेट आणणाऱ्या जोडणीचा) दिवा मधूनच लुकलुकायला लागतो, फोनची घंटी वाजली की नेट जातं, पावसाची सर आली की तासभर काहीच उघडत नाही. अशा घरांसाठी हा लेख आहे.

आमच्या घरची आणि मग नातेवाइकांकडची वायरिंग बदलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. एक्स्चेंजपासून खांबापर्यंतची लाईन आपल्या हातात नसते, पण दारातल्या पहिल्या डबीपासून मोडेमपर्यंतची वायर पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि त्रास बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. ती वायर ज्या काळात टाकली, तेव्हा तिच्यावरून फक्त बोलायचं होतं. बोलण्याला ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. एडीएसएल-२ प्लस, म्हणजे फोनच्या तारेवर नेट देण्याचं तंत्र, त्याच दोन तारांवरून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड किंवा कपाटामागे तशीच सोडून दिलेली एखादी फांदी (मूळ लाईनमधून फुटलेली जादा वायर) आवाजाला अडवत नाही, नेटला मात्र नक्की अडवते.

करायचं ते एवढंच: लाईन घरात शिरली की सगळ्यात आधी स्प्लिटर (लाईनवरचं बोलणं आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी), स्प्लिटरपासून मोडेमला एकच आखूड वायर, आणि घरातले सगळे फोन स्प्लिटरच्या दुसऱ्या तोंडाला.

आधी हे जवळ ठेवा

- एडीएसएल स्प्लिटर, आणि अडीअडचणीला एखादा जादा
- नवी रोझेट, म्हणजे फोनची पिन बसते ती भिंतीवरची डबी
- कॅट-५ई किंवा कॅट-६ वायर, अंतर मोजून थोडी जास्तच
- दोन्ही टोकांना आरजे-११ (फोनची) पिन असलेली आखूड वायर, मीटर-दोन मीटरची
- जेली भरलेले छोटे कनेक्टर. दुकानात यूवाय कनेक्टर म्हणून मागा
- बारीक स्क्रूड्रायव्हर, वायर कटर, पक्कड, टॉर्च
- साधा, वायरचा फोन. कॉर्डलेस चालणार नाही, कारण त्याचा स्वतःचाच आवाज मध्ये येतो
- मिडीयम वेव्ह लागणारा बॅटरीचा रेडिओ, घरात असेल तर. कशाला ते पुढे येईल

कागदपत्रांपैकी शेवटचं बिल आणि ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्ड हाताशी हवं. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी मालकांना विचारा. सोसायटीत वायर डक्टमधून न्यायची असेल तर सेक्रेटरींच्या कानावर घाला. इमारतीच्या डीपी बॉक्सला (सगळ्या घरांच्या फोनच्या तारा जिथे येतात त्या पेटीला) हात लावू नका. तिथे शेजाऱ्यांच्याही तारांच्या जोड्या असतात आणि ते काम लाईनमनचं आहे.

१. मोडेमचे आकडे लिहून ठेवा

कशालाही हात लावण्याआधी हे करा, नाहीतर सुधारणा झाली की नाही हे नंतर कळणारच नाही. कॉम्प्युटर लॅनच्या वायरने मोडेमला जोडा, ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका (बहुतेक मोडेमवर १९२.१६८.१.१, नाहीतर मोडेमच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो) आणि डीएसएल स्टेटसचं पान उघडा. तिथले डाउनस्ट्रीमचे (एक्स्चेंजकडून घराकडे येणाऱ्या सिग्नलचे) तीन आकडे महत्त्वाचे.

लाईन अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत येताना सिग्नल किती क्षीण झाला ते. हा आकडा मुख्यतः अंतराचा असतो. ३० डेसिबलच्या आत असेल तर लाईन छान आहे, ६० च्या वर गेला तर फार अपेक्षा ठेवू नका. घरातल्या कामाने तो फारसा हलत नाही.

एसएनआर मार्जिन हा खरा आपला आकडा. गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरली आहे ते तो सांगतो. ६ डेसिबलच्या खाली लाईन सारखी तुटते, १० च्या वर निवांत चालते. घरातली वायरिंग सुधारली की वाढतो तो हाच.

तिसरा आकडा सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाचा. तो एकदाच पाहून उपयोग नाही. तासाभराच्या अंतराने दोनदा पाहा आणि किती वाढला ते टिपून ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तुमचा प्लॅन ८ एमबीपीएसचा असेल आणि मोडेम आताच एक्स्चेंजशी ८ वर जुळत असेल, तर वायरिंग बदलून वेग वाढणार नाही, कारण मर्यादा एक्स्चेंजमध्ये घातलेली आहे. पण लाईन तुटणं थांबेल, आणि घरून काम करणाऱ्याला त्याचंच मोल जास्त आहे. वेग वायफायवर मोजू नका. वायफायचा दोष वायरिंगच्या माथी मारून लोक उगाच भिंती उकरतात.

याच वेळी डब्ल्यूएएनच्या (इंटरनेट जोडणीच्या) पानावरून व्हीपीआय-व्हीसीआय, म्हणजे कंपनीच्या जोडणीचे दोन आकडे, आणि युजरनेम लिहून घ्या. बीएसएनएलला ते ०/३५ असतं, एमटीएनएलला ०/३२. आणि मोडेमच्या पाठीमागच्या रीसेटच्या भोकात टाचणी घालू नका. नेट गेलं की पुष्कळजण पहिलं तेच करतात. त्याने लाईन सुधारत नाही, सेटिंग मात्र सगळं पुसलं जातं, आणि मग ते कोणी भरून देईपर्यंत घर नेटविना बसतं.

२. पहिल्या डबीवर चाचणी घ्या

बाहेरची वायर घरात शिरून ज्या डबीत पहिल्यांदा टेकते ती शोधा. कधी ती दाराच्या चौकटीवर असते, कधी गॅलरीत, कधी चक्क पोटमाळ्यावर. त्या डबीतून आत जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवा, कुठली तार कुठे होती याचा मोबाईलवर फोटो काढून मगच. आता त्या डबीला फक्त मोडेम लावा, आखूड वायरने. फोन नको, एक्स्टेन्शन नको, स्प्लिटरसुद्धा नको.

मोडेम जुळला की तासभर राहू द्या आणि तेच तीन आकडे पुन्हा लिहा. तुमची लाईन जास्तीत जास्त काय देऊ शकते ते इथे कळतं. मार्जिन आधीपेक्षा चांगला वाढला किंवा चुका थांबल्या, तर दोष घरातला आहे आणि पुढची सगळी मेहनत सार्थकी लागणार आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष बाहेरचा आहे. मग थेट शेवटच्या पायरीवर जा, घरात विनाकारण खर्च करू नका.

त्याच जागी साधा फोन लावून ऐका. डायल टोन आल्यावर कुठलाही एक आकडा दाबा, टोन थांबेल. त्या शांततेत खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतंय का? येत असेल तर तारीख-वेळ लिहा. फोन पूर्ण मुका असूनही नेट रडतखडत चालू असेल, तर जोडीतली एक तार कुठेतरी तुटली आहे असं समजा. डीएसएलचा सिग्नल उंच फ्रिक्वेन्सीचा असल्यामुळे तुटलेल्या जागेवरूनही थोडाफार पलीकडे जातो, म्हणून ‘नेट चालतंय म्हणजे लाईन ठीक आहे’ असं म्हणता येत नाही.

सुरक्षेचं इथेच सांगतो. लाईनवर एरवी साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं. तेवढ्याने सहसा काही होत नाही. पण तार हातात असताना कोणी फोन लावला तर घंटीसाठी सत्तर-ऐंशी व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो. घाम आलेल्या, ओल्या हाताने काम करू नका. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी डबी उघडूच नका.

३. लाईनवर काय काय लटकलंय ते शोधा

जुन्या घरांत हे काम सगळ्यात मोठं, आणि फायदाही सगळ्यात जास्त इथेच होतो. आजोबांच्या खोलीत एक फोन होता, माडीवर एक, स्वयंपाकघरात घंटीची डबी. माणसं गेली, फोन गेले, वायर भिंतीतच राहिली. तिच्या टोकाला काहीही नसलं तरी ती लाईनला जोडलेली असते. एडीएसएलचा सिग्नल त्या फांदीत शिरतो, मोकळ्या टोकावर आदळून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. त्यामुळे ठरावीक फ्रिक्वेन्सींवर खड्डे पडतात. तुम्ही ती वायर वापरत नसलात तरी ती तुमचा वेग खाते.

वहीत घराचा कच्चा नकाशा काढा. डबीतून निघालेली प्रत्येक वायर बोटाने धरून शेवटपर्यंत जा. फोटोफ्रेमच्या मागे, सोफ्याखाली, दाराच्या बिजागरीजवळ, रंगाच्या थराखाली, सगळीकडे पाहा. पाटाखाली किंवा दारात चिरडलेली वायर दिसली तर तिथे खूण करा. मग ठरवा की आज कोणत्या खोलीत फोन खरोखर हवा आहे. बाकीच्या फांद्या डबीपाशीच कापा. दुसऱ्या टोकाला कापून उपयोग नाही, कारण मग फांदी तशीच लोंबत राहते.

वायरींशिवाय आणखी काही मंडळी लाईनवर बसलेली असतात: जुनी कॉलर आयडीची डबी, फॅक्स मशीन, फोनला लॉक लावायची पेटी, दुकान असेल तर छोटं ईपीएबीएक्स (आतल्या आत फोन जोडणारं यंत्र). ही सगळी स्प्लिटरच्या फोनच्या बाजूलाच हवीत. स्पाइक गार्ड किंवा यूपीएसवर फोनची पिन घालायला दोन भोकं असतात, त्यातून लाईन फिरवून मोडेमला दिली असेल तर ती आधी काढा. त्यातले बरेच भाग बोलण्याच्या फोनसाठी बनवलेले असतात आणि डीएसएलचा सिग्नल दाबतात.

४. स्प्लिटर योग्य जागी बसवा

स्प्लिटरला तीन तोंडं असतात: लाईन, फोन आणि मोडेम. बाहेरून आलेली जोडी ‘लाईन’ला, मोडेम ‘मोडेम’ला, आणि घरातल्या सगळ्या फोनकडे जाणारी वायर ‘फोन’ला. असं केलं की एकच स्प्लिटर पुरतो, प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लागत नाही, आणि माडीवरच्या जुन्या वायरीत काहीही घोळ असला तरी तो नेटपर्यंत पोचत नाही.

मी पाहिलेल्या घरांत नेमकं उलटं होतं. लाईन आधी चार खोल्या फिरते आणि शेवटच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलावर, स्प्लिटर असतो. वाटेतले फोन स्प्लिटरच्या आधी लागलेले असतात. त्यातला कुठलाही रिसीव्हर उचलला किंवा घंटी वाजली की डीएसएलला धक्का बसतो. ‘फोन आला की नेट जातं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खरेदी करताना सांभाळा. ‘स्प्लिटर द्या’ म्हटलं की काही दुकानदार साधा दोन तोंडांचा जोड काढून देतात. त्यात फिल्टर नसतो, नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. स्प्लिटरवर एडीएसएल लिहिलेलं आणि तोंडांना वेगवेगळी नावं दिलेली आहेत ना, ते पाहून घ्या. घरी आल्यावर मोडेम चुकून ‘फोन’च्या तोंडाला लागला तर दिवा स्थिर होणारच नाही, त्यामुळे घाबरून तक्रार करण्याआधी पिन कुठे आहे ते बघा.

५. मोडेम दाराशी, लॅनची वायर लांब

मोडेम कॉम्प्युटरपाशीच हवा असा हट्ट आपल्याकडे असतो, आणि त्यासाठी फोनची चपटी वायर घरभर ओढली जाते. त्या चपट्या वायरीत तारांना पीळ नसतो. पीळ नसलेली जोडी आजूबाजूचा सगळा गोंगाट ॲन्टेनासारखा ओढून घेते. लॅनच्या वायरीला मात्र १०० मीटरपर्यंत काही होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की मोडेम आणि स्प्लिटर पहिल्या डबीजवळच ठेवा, तिथे विजेचा एक पॉइंट काढून घ्या, आणि लांबच्या खोलीत लॅनची वायर न्या. वायफाय तिथे हवं असेल तर त्या टोकाला वेगळा राऊटर लावा.

हे जमतच नसेल आणि फोनचीच जोडी आत न्यावी लागत असेल, तर ती कॅट-५ई वायरीतून न्या. त्यात चार पिळलेल्या जोड्या असतात. एकाच जोडीच्या दोन तारा घ्या, म्हणजे निळी आणि तिच्याबरोबर पिळलेली पांढरी-निळी. एक तार निळीतली आणि दुसरी नारिंगीतली घेतली तर फोन छान चालेल, मोडेमही जुळेल, पण पिळाचा सगळा फायदा जाईल, आणि हा दोष डोळ्याला दिसत नसल्यामुळे शोधता शोधता नाकी नऊ येतील. दोन तारा रोझेटमध्ये उलटसुलट लागल्या तरी मोडेमला फरक पडत नाही.

वायर घेताना तांब्याचीच आहे याची खात्री करा. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढुरकं दिसलं तर घेऊ नका. ती तार स्क्रूखाली तुटते आणि लवकर खराब होते.

६. जोड: शक्य तितके कमी, आणि पक्के

पहिल्या डबीपासून मोडेमपर्यंत मध्ये एकही जोड नसणं सगळ्यात उत्तम. जिथे टाळता येत नाही तिथे यूवाय कनेक्टर वापरा. तारेचं आवरण सोलायचं नाही. दोन्ही तारा तळापर्यंत सरकवायच्या आणि पक्कडीने वरची टोपी पूर्ण दाबायची. आत जेली असते, त्यामुळे दमट हवा शिरत नाही. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड उन्हाळ्यात सैल होतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी बसतं.

जुन्या रोझेटच्या स्क्रूंवर हिरवट थर आला असेल तर घासत बसू नका, डबीच बदला. कोकणात, समुद्राजवळच्या गावांत, खाऱ्या हवेने हे फार लवकर होतं. तारेचं काळं पडलेलं टोकही कापून टाका आणि चकाकतं तांबं स्क्रूखाली द्या. फार सोलू नका, एक तार दुसरीला टेकता कामा नये.

७. विजेच्या वायरींपासून लांब

फोनची जोडी आणि घरची विजेची वायर एका पाइपातून कधीच नेऊ नका. नेटचा प्रश्न तर आहेच, पण आवरण फाटलं तर फोनच्या तारेत २३० व्होल्ट येतील. समांतर जाताना वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

गोंगाट करणाऱ्या वस्तू शोधायला रेडिओ कामाला येतो. एडीएसएलचा पट्टा मिडीयम वेव्हवर पसरलेला आहे; आकाशवाणी पुणे ज्या ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, ती जागासुद्धा त्यातच येते. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि वायरीच्या कडेने घरात फिरा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ट्यूबलाईटचा चोक, मोबाईलचा स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, यांच्यापाशी गेलात की घरघर वाढेल. ती वस्तू बंद केल्यावर मोडेमचा मार्जिन वर जातो का ते बघा. ‘संध्याकाळी सात वाजले की नेट तुटतं’ अशा घरात आधी दिव्यांकडे पाहा. अर्थात त्या वेळी सगळा परिसर नेटवर असतो, त्यामुळे नुसता वेग कमी होत असेल तर कारण वेगळं असेल. लाईन तुटत असेल तरच हा तपास करा.

८. पावसाळ्याची तयारी

बाहेरची वायर भिंतीच्या भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, डबीत येणार नाही. भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा. गॅलरीतली उघडी डबी असेल तर ती आत घ्या किंवा तिच्यावर झाकण बसवा. झाडाच्या फांद्यांना घासणारी वायर मे महिन्यातच लाईनमनला दाखवा, जूनमध्ये त्यांना वेळ नसतो.

विजा कडाडायला लागल्या की मोडेमचा प्लग काढून भागत नाही. फोनची पिनही काढा. मोडेम जळतात ते कित्येकदा फोनच्या तारेतून आलेल्या विजेने.

९. पुन्हा मोजा, आणि गरज असेल तर तक्रार करा

सगळं जोडून झालं की मोडेम दिवसभर चालू राहू द्या आणि तीन आकडे परत लिहा. ते दुसऱ्या पायरीतल्या, पहिल्या डबीवरच्या आकड्यांच्या जवळ आले पाहिजेत. आले नाहीत तर एक-एक एक्स्टेन्शन काढून बघा, गुन्हेगार सापडेल. लाईन लांबची असेल आणि तरीही तुटत असेल, तर मोडेमच्या डीएसएल सेटिंगमध्ये एडीएसएल-२ प्लस ऐवजी जी-डीएमटी (एडीएसएलचा जुना, हळू प्रकार) निवडून पाहा. वेग थोडा उतरतो, पण लांबच्या लाईनवर ते जास्त टिकतं.

पहिल्या डबीवरही आकडे वाईट असतील तर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका, त्याने कोणालाच काही कळत नाही. फोनमध्ये खरखर असेल तर आधी ती सांगा, कारण बोलण्यातला बिघाड कोणालाही कानाने पटतो. मग सांगा की घरातली सगळी वायर सोडवून, पहिल्या डबीवर, अमुक तारखेला मार्जिन इतका आणि अटेन्युएशन इतकं होतं. लाईनमन आले की तुमची वही दाखवा. डीपीपासून घरापर्यंतची वायर जुनी असेल तर बदलून मागा. तीही ठीक असेल तर डीपीवर किंवा रस्त्यावरच्या पिलरमध्ये (केबलच्या जोड्यांच्या मोठ्या पेटीत) दुसरी मोकळी जोडी आहे का, ती देता येईल का, हे विचारा. जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरलं की एक जोडी खराब होते आणि शेजारचीच जोडी धडधाकट असते, असं पुष्कळदा घडतं. त्यांच्याबरोबर डीपीपर्यंत जा, चहा द्या, काय सापडलं ते विचारून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरे कोणी आले तर सुरुवात शून्यापासून होत नाही.

तुमच्याकडे फायबर पोचलं की ते जरूर घ्या. फोनची तांब्याची वायरिंग त्याला लागत नाही. पाचव्या पायरीत घातलेली लॅनची वायर मात्र तशीच कामाला येते: एक टोक फायबरच्या ओएनटीला (फायबरसाठी घरात बसवतात त्या पेटीला), दुसरं आतल्या राऊटरला. तिच्यातली एक जोडी तुम्ही फोनसाठी वापरली असेल तर ती मोकळी करा आणि चारही जोड्या आरजे-४५ (लॅनच्या) पिनला नीट लावून घ्या, कारण १०० एमबीपीएसच्या पुढे जायला चारही लागतात.